रोमचं उत्तर

कमाल नाखवा मूळचा बाणकोटचा. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात तो स्टोअरकीपर आहे आणि त्याच कंपनीचे हिशेब मी बघतो. पण इथली आमची माणसं त्याला बिशप म्हणतात. नमाज न चुकवणाऱ्या माणसाला हे नाव कसं पडलं, ते आधी सांगतो.

आम्ही मुंबईत फादर लोकांच्या कॉलेजात कॉमर्सला होतो. कॉलेजच्या फुटबॉल टीमचं नाव होतं सेंट्स, आणि आम्ही सारखे हरायचो. समोरची पोरं ओरडायची, "संतांनो, अजून एक गोल माफ करा!" शेवटी कमाल म्हणाला, चिडवायचंच तर आपणच आपल्याला चिडवू. त्याने सगळ्यांना पदव्या वाटल्या. नियम एकच होता, स्वतःच्या धर्माची पदवी घ्यायची नाही. कमाल बिशप झाला, मी हाजी आणि वसईचा बर्नार्ड तुस्कानो भटजी. मॅचआधी प्रत्येकाने बिशपसमोर गुडघे टेकून मागच्या खेळातल्या चुका कबूल करायच्या. मग बिशप प्रायश्चित्त द्यायचा, मैदानाला राऊंड. फादर लांबून बघायचे आणि तोंडावर रुमाल धरून हसायचे.

एका वर्षी चुकून फायनलला पोचलो. बर्नार्डने शेवटची पेनल्टी बारवरून मारली. तो येऊन बिशपसमोर बसला तेव्हा रडत होता. कमालने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भटजी, बॉल थेट स्वर्गात पाठवलास. एवढ्या मोठ्या पापाचं प्रायश्चित्त माझ्या हातात नाही. रोमला लिहितो. उत्तर आलं की सांगतो."

बर्नार्ड रडता रडता हसला.

पुढे तिघेही बहारीनला आलो. बुसैतीनच्या मैदानावर शुक्रवारी सकाळी सेंट्स पुन्हा खेळू लागले. कन्फेशन चालूच राहिलं. बर्नार्ड अधूनमधून विचारायचा, "काय बिशप, रोमचं उत्तर?"

"पोस्ट लेट आहे."

"इतकी वर्षं?"

"तुझं पाप केवढं, फाईल केवढी! टेबलावरून टेबलावर फिरतेय."

गेल्या वर्षी बर्नार्डला कावीळ झाली, असं आम्हाला आधी वाटलं. मग त्याची बायको रेजिना कमालला आणि मला हॉस्पिटलच्या लिफ्टपाशी घेऊन गेली. कावीळ नव्हती, कॅन्सर होता, आणि तो सगळीकडे पसरला होता.

"त्यांना माहीत नाही," ती म्हणाली. "कॅरल कॅनडाहून निघतेय. लेक येईपर्यंत कळू द्यायचं नाही. कमालभाई, तुम्ही नेहमीसारखं हसवत राहा. तुम्ही गप्प झालात तर त्यांना लगेच कळेल."

कमाल रोज गेला. नर्सची नक्कल केली, जेवणाला नावं ठेवली, "भटजी, सोवळ्यात आहेस म्हणून सूपच मिळणार," असं म्हणाला. बाहेर आला की गाडीत बसून राहायचा. चावी लावायचा नाही.

एका संध्याकाळी मीही होतो. बर्नार्डचा चेहरा फार उतरला होता. तो हळूच म्हणाला, "बिशप, रोमचं उत्तर?"

कमाल उशी नीट करत म्हणाला, "आलं रे. माफ केलंय."

बर्नार्डचं हसू तिथेच थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कमालकडे.

"असं आहे तर," तो म्हणाला. "फाईल बंद झाली. खलास."

कमाल पुन्हा उशी नीट करू लागला. बर्नार्डनेच त्याचा हात थोपटला. "जाऊ दे. रेजिनाला बोलव. आणि फादरना फोन कर. खऱ्या."

त्या रात्री बर्नार्ड कॅरलशी फोनवर बोलला. दुसऱ्या दिवशी ती विमानात असतानाच तो गेला. कमालला बघून रेजिनाने मान फिरवली नाही, पण ती काही बोललीही नाही. बर्नार्डच्या माहूजमधल्या घरी कॅरलने इंग्रजीत कमालचे आभार मानले, बाबांशी नीट बोलता आलं म्हणून. कमालने ते ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. "अजून एक दिवस तरी तो निर्धास्त राहिला असता," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. बर्नार्डला वसईला नेलं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही मैदानावर जमलो. खेळायचं कुणालाच नव्हतं, पण घरी तरी काय करणार? नेहमीच्या जागी बिशप उभा राहिला नाही. तो माझ्यासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. गुडघे दुखतात त्याचे, वेळ लागला.

"हाजी," तो म्हणाला, "मी खोटं सांगितलं. उत्तर आलंच नव्हतं."

सगळे बघत होते. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 'माफ केलं' असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या शब्दाने काय केलं होतं ते मी पाहिलं होतं.

"रोमला लिहितो," मी म्हणालो. "उत्तर आलं की सांगतो."

त्याने मान हलवली. मग मी आणि आणखी एकाने धरून त्याला उठवलं.