आकाराम पेंटरची अक्षरं

कडेगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवसवाले, निवडून आलेले, निवडून न आलेले, सगळ्यांची तोंडं मी छापते. माझ्या मशीननं आकाराम पेंटरचा धंदा बुडवला असं गावात म्हणतात. खोटं नाही. तरी काका रोज सकाळी माझ्याच दुकानात चहाला यायचे आणि स्क्रीनकडं डोळे बारीक करून म्हणायचे, "दीपाली, ह्या अक्षरांना कुणी जेवाय घालत न्हाई का गं? लय हडकल्यात."

त्यांची स्वतःची अक्षरं अंगानं भरलेली असायची. पोटात गोल, आणि शेवटाला ब्रश उचलताना एक हलका झोक. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली, की जवळजवळ सगळी रांग त्यांच्याच हातानं रंगवलेली. प्रत्येक कामाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक सही असायची: आकाराम, कडेगाव.

त्यांच्या बायको, मनुबाईकाकू, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण ती सही त्या बरोबर ओळखायच्या. साताऱ्याला लेकीकडं जाताना एसटीच्या खिडकीतून बोट दाखवायच्या, "ही पाटी आमची. ती बी आमची." बाकीचं लिहिणं त्यांच्या लेखी नुसत्या रेघोट्या.

लेक क्रांती साताऱ्यात दिली, तेव्हा तिला मूल होईपर्यंत काकांनी तिच्या घरचा पाण्याचा घोट घेतला नाही. स्टँडवर चहा पिऊन मगच तिच्या दारात जायचे. जुनी रीत, आता कोण पाळतं? काका पाळायचे.

पुढं पुण्याच्या एका कंपनीची माणसं ट्रॉल्यांचे फोटो काढत काकांपर्यंत पोचली. त्यांनी काकांकडून सगळी बाराखडी, जोडाक्षरं, आकडे लिहून घेतले आणि कॉम्प्युटरवर चढवले. पैसे रीतसर दिले, फसवलं म्हणायची सोय नाही. अट एकच, की ह्या वळणाचा हक्क आता कंपनीचा. कंपनीच्या दृष्टीनं तो एक करार. काकांनी मात्र तो लेक दिल्यासारखा मनावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या वळणात ब्रश फिरवला नाही. पाट्या रंगवायचे, पण कुठल्यातरी परक्या, सरळसोट अक्षरात. आणि खाली सही नाही.

मी चिडायचे. "काका, सही तरी करा. नाव तर तुमचंच आहे ना?"

"नाव माझं हाय, अक्षर दिलंया. दिल्या घरचं पानी प्यायचं नसतंय, पोरी."

मूर्खपणा होता तो. एका सहीसाठी कंपनीनं त्यांना कोर्टात खेचलं नसतं. पण त्या मूर्खपणापुढं माझं काही चालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर माझा जीव होता.

गेल्या साली काका गेले. छातीत कळ आली आणि कराडला नेईपर्यंत सगळं संपलं. वर्ष भरत आलं तशा मनुबाईकाकू दुकानात आल्या. पुण्यस्मरणाचा फ्लेक्स आमच्याकडं चौकात लागतोच.

"फोटू कसला बी लाव," त्या म्हणाल्या. "पर नाव त्यांच्या अक्षरात घाल. रस्ता रुंद केला तवा समद्या पाट्या गेल्या, ट्रॉल्या बी लोकांनी नव्यानं रंगवल्या. लय दिस झालं, कुटं दिसलंच न्हाई."

मी कंपनीला फोन लावला. मुलगी गोड बोलली. ती अक्षरं आता फक्त एका सराफी पेढीला दिलीत, दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाहीत. मी म्हटलं, अहो, ज्यानं काढली त्याच्याच नावासाठी हवीत, आणि तो माणूस गेलाय. ती म्हणाली, सॉरी मॅडम, माणूस गेल्यावरही साठ वर्षं हक्क चालतो. मी विचारलं, कुणाचा? ती म्हणाली, आमचा.

माणूस गेला की त्याच्या अंगावरची वाकळसुद्धा आपण घरात ठेवत नाही, आणि ह्यांची मालकी साठ वर्षं! कायदा मला कळत नाही. माझ्या दुकानातले निम्मे फॉन्ट कुठून आलेत तेही विचारू नका. काकांची अक्षरं उद्या कुणीही उचलली असती, तर मीच पदर खोचून भांडले असते. त्यांच्या माघारी हक्क काकूंकडं राहिला असता, तरी पटलं असतं. पण घरच्यांनाच दार बंद, हे कसलं राखणं?

मग मी सरळ चोरायचं ठरवलं. गावातल्याच आप्पासोंच्या परड्यात एक गंजकी ट्रॉली पडून होती, तिच्या कोपऱ्यात सही शाबूत होती. फोटो काढला, नाव उचललं, फ्लेक्सवर मोठं करून बसवलं आणि काकूंना बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर हात ठेवला. चेहरा एकदम उजळला.

"ह्येच की गं! ह्येच." मग थांबून म्हणाल्या, "कंपनी व्हय म्हनली?"

मी खरं ते सांगून टाकलं.

"मग काढ त्ये."

"काकू, नातवंड झाल्यावर पितात की लेकीच्या घरचं पाणी! साताऱ्याच्या हायवेला बघा, त्या सराफाच्या जाहिरातींवर सगळीकडं काकांचीच अक्षरं. केवढा गोतावळा वाढलाय."

"वाढला असंल. पर सोयऱ्यांनी बोलवाय लागतंय, दीपाली. बोलवलंय का त्येंनी? ह्यांनी मरंपातुर सबूद पाळला. मी एका दिसासाठी मोडू व्हय?"

मी नाव पुसलं. आधी त्यांच्यावर चिडले आणि त्या गेल्यावर रडले.

पुण्यस्मरणाच्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. फोटो छान आला होता. खाली नाव, माझ्याकडच्या त्यातल्या त्यात भरलेल्या अक्षरात. क्रांतीच्या आधारानं काकू फुलं घेऊन पुढं आल्या आणि थोडी फोटोला वाहिली. मग त्यांची नजर खाली सरकली. या ओळीवरून त्या ओळीवर फिरली, परत वर गेली. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"ह्यात ह्यांचं नाव कुटं हाय गं?"

मी त्यांचं बोट धरून नावावर टेकवलं. त्यांनी ते हळूहळू शेवटापर्यंत फिरवलं. जिथं काका ब्रश उचलायचे, तिथं त्यांचा हात आपोआप उचलला गेला. अक्षर तिथं तसंच सरळ संपलं होतं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्ये न्हवं त्ये."

उरलेली फुलं त्यांनी परत ओच्यात घेतली आणि क्रांतीचा हात धरून घराकडं वळल्या.