बिनलॅचचा हूक

आर्मीतनं परत आलेला माणूस बोलायला बसला की तुम्ही खुर्ची पुढं ओढता. आता बंदूक येणार, दुश्मन येणार, मेडल येणार. ओढू नका. माझी बंदूक परेड आणि फायरिंग रेंज सोडून कुठं बोलली नाही. दुश्मन मी दुर्बिणीतनंसुद्धा बघितला नाही. बर्फ होता, तो हवा तेवढा घ्या. बाकी ही गोष्ट एका लोखंडी हुकाची आहे. क्रेनच्या दोरीला लटकतो ना, तो.

मी म्हैसूरचा. देवराज मोहल्ल्यात अप्पांचं टेलरिंगचं दुकान. घरात मराठी, पण आमची मराठी म्हणजे दर चार शब्दांना एक कन्नड पाहुणा. शाळेत मी फक्त एका विषयात पहिला, हेडमास्तरांची नक्कल. आयटीआय केलं, भरतीला उभा राहिलो, रिकव्हरी मेकॅनिक झालो. रिकव्हरी म्हणजे दरीत गेलेली, चिखलात रुतलेली, उलटलेली गाडी वर काढायची. लढणारे पुढं जातात. त्यांच्या गाड्या मागं आम्ही उचलतो.

पोस्टिंग उत्तरेला एका खिंडीखालच्या कॅम्पात. आमच्या डिटॅचमेंटमध्ये चौघं. सुभेदार बलबीर साहेब, हरियाणाचे. क्रेन ऑपरेटर नायक गुरनाम. लान्स नायक महादेव, आमच्याच जिल्ह्यातला, सरगूरचा. आणि मी, क्राफ्ट्समन विनायक. महादेवला मी मादेव म्हणायचो. वयानं पाच वर्षांनी मोठा, रँकनं वर, तरी मला 'मगा' म्हणायचा, म्हणजे पोरा. दोन हजार किलोमीटर लांब एकटाच कन्नड बोलणारा माणूस भेटला की रँक कुठं बघतो कोण.

रुटीन सांगतो. पाचला उठायचं. क्रेनचं इंजिन गरम करायला पाऊण तास. सहाला केबल, पुली, हूक, स्लिंग चेक. सातला रेडिओवर 'रेडी' द्यायचं. मग कॉल येईपर्यंत चहा. संध्याकाळी मेसमध्ये माझा प्रोग्रॅम. सुभेदार साहेबांची नक्कल फर्माईश करून मागायचे, आणि स्वतः साहेब दाराआड उभे राहून ऐकायचे. एकदा आत येऊन म्हणाले, "मैं ऐसे नाक से बोलता हूँ?" मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "नहीं साब, कभी नहीं." अख्खी मेस खाली बसली हसून.

आमच्या टूलबॉक्समध्ये हूक दोन होते. केबलच्या टोकाला शॅकल, म्हणजे पिनेची कडी असते, हूक बदलता येतो. एक पिवळ्या रंगाचा, तोंडाला स्प्रिंगची पट्टी. त्या पट्टीला लॅच म्हणतात. स्लिंग म्हणजे गाडीला बांधायचा दोर, त्याची रिंग आत गेली की लॅच मागनं बंद होतं, रिंग बाहेर येत नाही. दुसरा हूक जुना, त्याचं लॅच कुणीतरी कधीच काढून टाकलेलं. तोंड उघडं. मी नावं ठेवली होती. पिवळी ती सासरची, साहेब आले की तोंड बंद. दुसरी माहेरची.

इन्स्पेक्शनला सासरची. कामाला माहेरची. आमच्याकडंच नाही, मी बघितलेल्या सगळ्या डिटॅचमेंटमध्ये हेच. का ते ऐका. तिथल्या थंडीत स्प्रिंग आखडते. लॅच दाबायचं तर अंगठा हुकाच्या तोंडात घालायला लागतो, आणि जाड ग्लोव्हचा अंगठा तिथं मावत नाही. ग्लोव्ह काढायचा. उघडं बोट त्या लोखंडाला लागलं की चामडं चिकटतं. दिवसातनं वीस वेळा हे कोण करणार? कारखान्यात बसून ज्यानं कागदावर तो हूक काढला त्याला ग्लोव्ह कुणी दाखवलाच नव्हता.

त्या दिवशी कॉल सहा चाळीसला आला. एक थ्री-टनर रस्त्यावरनं घसरून नाल्यात गेली होती. ड्रायव्हर उडी मारून वाचलेला. आम्ही आठ वीसला पोचलो. गाडी नाकावर उभी, मागचा भाग रस्त्यापासून वीस फूट खाली. आठ पन्नासपर्यंत क्रेन लावली, चाकांना ओंडके दिले. मादेव खाली उतरला, मागच्या ॲक्सलला स्लिंग बांधलं, वर आला. मी टूलबॉक्स उघडला.

मादेव म्हणाला, "आज उतार वाईट आहे मगा. पिवळा लाव."

मी सुभेदार साहेबांचं नाक चढवून म्हणालो, "क्यों भई, इन्स्पेक्शन है क्या?"

तो हसला. माझी बोटं आधीच बधिर झालेली. मी माहेरची काढली आणि शॅकलला लावली. तो बघत होता. म्हणाला, "आयतु. बेगा." ठीक आहे, लवकर.

नऊ दहाला उचल सुरू झाली. गाडी वर येत गेली. नऊ पस्तीसला मागचा भाग रस्त्याच्या काठाला आला, हूक माझ्या हाताच्या उंचीवर. तेवढ्यात पुढचं चाक एका खडकात अडकलं. गाडी खडकावर टेकली, थांबली.

रेडिओवर साहेब. ते वन, मादेव टू. "वन टू टू. पहिया देखो. ओवर."

"टू, रॉजर," मादेव म्हणाला. साखळी धरून खाली गेला. चाकापाशी वाकला. दगड उपसायला लागला.

आता हूक कसा दगा देतो ते सांगतो, कारण लोकांना वाटतं वजनानं. वजन असताना हूक घट्ट धरतो. ढील पडली की सोडतो. खडकातला दगड निघाला, गाडी वर उसळली एक वीतभर, आणि स्लिंग सैल झालं. सैल झालेली रिंग हुकाच्या पोटातनं वर चढली. मी बघत होतो. रिंग हुकाच्या ओठावर आली.

मादेव खालनं ओरडला, "इरो मगा!" थांब.

मी हात घातला. रिंग आत ढकलायला. 'टक' झालं. एवढासा आवाज. पेनाचं टोपण निघावं तसा.

गाडी खाली गेली. माझी डाव्या हाताची दोन बोटं तिच्याबरोबर गेली. नऊ एक्केचाळीस.

मादेवला काढायला पावणेदोन तास लागले. पिवळ्या हुकानं काढला.

मला हॉस्पिटलात ठेवलं. तिथंच चौकशीचे मेजर साहेब आले, फाइल घेऊन बसले. सभ्य माणूस. आधी पाणी पाहिजे का विचारलं. मग विचारलं, "बिना लॅच का हुक किसने लगाया?"

मी म्हणालो, "हुक-स्लिंग के इन्चार्ज लान्स नायक महादेव थे, सर."

खरंच तो इन्चार्ज होता. प्रश्न तो नव्हता. मेजर साहेबांनी लिहून घेतलं. मी उजव्या हातानं सही केली. पेटीबरोबर सरगूरला जो जवान गेला त्यानं मादेवच्या चुलत भावाला आपलं सोपं करून सांगितलं, मादेवनंच चुकीचा हूक लावला होता. ही गोष्ट मला नंतर एका पत्रातनं कळली. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

मेडिकल बोर्डनं घरी पाठवलं. म्हैसूरजवळच्या बेळगोळला एका छोट्या कारखान्यात नोकरी लागली. चेनब्लॉक, स्लिंग, शॅकल, उचलायचं सगळं सामान बनवणारा. मालक शेट्टर. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढं एक हूक टाकला, गिऱ्हाइकाकडनं दुरुस्तीला आलेला. लॅच तारेनं मागं बांधलेलं. म्हणजे दोष बर्फाचाच होता असं नाही तर. इथं ऊन, तिथं बर्फ, आणि बांधणाऱ्याची गाठसुद्धा तीच.

त्या दिवशी जेवलो नाही. बसमध्ये दार लागलं, 'टक'. घरी आईनं डब्याचं झाकण काढलं, 'टक'. आयटीआयची पोरं भेटली, नक्कल कर म्हणाली. मी तोंड उघडलं आणि साहेबांच्या जागी दुसराच आवाज आला. "इरो मगा." मी मुद्दाम नाही काढला. पोरं हसली, म्हणाली हा कोण, नवीन आहे. त्यानंतर मी नक्कल सोडली. म्हणजे मी सोडली. तो आवाज त्याला पाहिजे तेव्हा यायचा.

शेट्टरना म्हणालो, मला एक हूक करून बघायचाय, सुट्टीच्या वेळात. ते म्हणाले, "माडप्पा." म्हणजे कर बाबा. "लोखंड भंगारातलं घे."

पहिला हूक लॅच जाड करून केला. दुसरा दोन स्प्रिंगांचा. दोन्ही मजबूत, आणि दोन्ही बांधून ठेवता येणारे. एका दुपारी अप्पांच्या दुकानात कागदावर तिसरा काढत बसलो होतो. अप्पा ब्लाउजला हूक लावत होते. समोर विठोबाचा फोटो, अप्पांच्या तोंडात दोरा. काय करतोस विचारलं. मी सांगितलं, मजबूत हूक.

अप्पा तोंडातला दोरा काढून म्हणाले, "मजबूत? बाईला लावायला त्रास झाला तर ती तुझा हूक लावत नाही. सेफ्टीपिन लावते. चूक बाईची नाही रे, शिंप्याची." मग एक हूक माझ्या तळहातावर ठेवला. "आत बघ. उंचवटा दिसतो? ताणलेलं असताना सगळेच धरतात. श्वास सोडला, ढील पडली, तेव्हा हा धरतो."

चाळीस वर्षं हा माणूस तो उंचवटा बघत होता. मी बावीस वर्षं त्या हुकांच्या डब्याशी खेळलो होतो.

मग बदललं. मी मजबूतपणा सोडला आणि ग्लोव्ह धरला. लॅच तोंडात नको. हुकाच्या पाठीवर मोठी कळ, मूठ मारली तरी दबेल अशी. बोट तोंडाजवळ जायलाच नको. वजन आलं की तोंड आपोआप बंद. ढील पडली तरी बंदच. आणि कुठंही भोक नाही, खाच नाही. तार बांधायला जागाच ठेवली नाही. माझ्यासारखा आळशी माणूस समोर बसवूनच मी तो काढला.

थंडी कुठनं आणायची? मंडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. हूक रात्रभर लाद्यांमध्ये पुरला. सकाळी सहाला आर्मीचे जुने ग्लोव्ह घालून काढायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "काय स्वामी, लोखंडाची कुल्फी?" मी म्हणालो, "होय, काडी लावायची राहिली." डावा ग्लोव्ह घातला, दोन बोटं रिकामी लोंबत होती. मूठ मारली. कळ दबली. तोंड उघडलं.

कारखान्यात काँक्रीटचा ठोकळा लटकवून टेस्ट घेतली. उचलायचा, ओंडक्यावर टेकवायचा, स्लिंग सैल करायचं, झटका द्यायचा. सगळे कामगार लांब उभे केले. साठ वेळा केलं. प्रत्येक ढिलीला माझ्या कानात "इरो मगा". साठही वेळा रिंग आतच राहिली. आवाज थांबला नाही.

हूक बाहेर टेस्टिंगला पाठवला. पास होऊन आला. शेट्टरनी विचारलं, मॉडेलला नाव काय घालू? मी म्हणालो, महादेव. ते म्हणाले, "कुणाचं नाव घालतोस, त्यांच्या घरी विचारलंस का?"

रविवारी हूक कापडी पिशवीत घालून सरगूरच्या बसमध्ये बसलो. मादेवची आई अंगणात शेंगा सोलत होती. साठीची बाई. मी नाव सांगितलं. ती ओळखून होती. मादेवच्या पत्रात मी असायचो. "तो नकला करणारा ना तू?" कन्नडमध्ये म्हणाली. "बस मगा."

पाणी दिलं. मी हूक काढून दाखवला. तिनं मांडीवर घेतला, कळ दाबली, सोडली, परत दाबली.

"हा असता तर माझा मुलगा असता?"

"होय, अव्वा."

"आणि तो दुसरा, पिवळा म्हणतोस, तो असता तर?"

"तरी असता."

"मग तो का लावला नाही त्यानं?"

मी बोलत सुटलो. थंडी, स्प्रिंग, ग्लोव्ह, सगळ्यांची सवय. साहेबांचं सांगताना साहेबांच्या आवाजात बोललो, गुरनामचं गुरनामच्या. तिनं हात वर केला.

"एवढे आवाज नकोत. हूक कुणी लावला?"

अंगणात एक कोंबडी फिरत होती. मी तिच्याकडं बघून सांगितलं. "मी लावला. तो पिवळा लाव म्हणाला होता."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "चार वर्षं. चहाच्या दुकानात म्हणतात, हूक लावता येत नव्हता तो आर्मीत कशाला गेला. त्याचा भाऊ त्या दुकानासमोरनं जात नाही. लांबच्या रस्त्यानं शेतात जातो." हूक माझ्या पिशवीत टाकला. "लोखंडावर नाव घालतोस? लोखंड कोण वाचतं? ऊठ."

तिनं चपला घातल्या, दिराच्या दाराशी जाऊन मादेवच्या भावाला हाक मारली आणि आम्हाला दोघांना घेऊन चहाच्या दुकानात गेली. संध्याकाळचे साडेपाच. दहा-पंधरा माणसं बाकावर, चार उभी. तिनं मला खांबापाशी उभं केलं.

मेसमध्ये दोनशे जवानांसमोर माझी जीभ कधी अडखळली नव्हती. इथं अडखळली. रँक, नाव, दिवस, वेळ, जसं रिपोर्टमध्ये सांगतात तसं सांगितलं. लान्स नायक महादेवनं पिवळा हूक लावायला सांगितला होता. मी ऐकलं नाही. चुकीचा हूक मी लावला. चौकशीत मी ते सांगितलं नाही.

मादेवचा भाऊ जमिनीकडं बघत होता. मला वाटलं झालं. मी पिशवी उचलली.

अव्वा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एवढा नाटक्या तू," म्हणाली, "माझ्या मुलाला हसवून हसवून मारणारा. आणि आता उंदरासारखा बोलतोस? मागं रस्त्यावर उभे आहेत त्यांना काही ऐकू गेलं नाही. पिशवी खाली ठेव. मान वर कर. परत सांग, पहिल्यापासून, आणि मादेवचं नाव मोठ्यानं घे."