घरं हलवणाऱ्या मुमताजभाभी

मुमताजभाभी कुणाच्या घरात शिरल्या की चपला दाराशी काढायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि पहिली नजर टाकायच्या ती माळ्यावर. सोफा, टीव्ही, शोकेस या गोष्टी लोक दाखवण्यासाठीच मांडतात, तेव्हा त्या बघण्यात वेळ कशाला घालवायचा, असं त्यांचं मत होतं. “हॉल नका दाखवू साहेब, माळा दाखवा,” हे त्यांचं आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधलं पहिलं वाक्य. त्यांच्यासाठी सकाळपासून आवरलेला हॉल वाया गेला.

त्या ट्रकमालकीण होत्या. नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळला तेव्हा नातेवाइकांनी एकमुखानं गाड्या विकायचा सल्ला दिला. सल्ला देणाऱ्यांतले दोघं स्वतःच गिऱ्हाईक होते, हा योगायोग भाभींच्या लक्षात आला. त्यांनी गाड्या ठेवल्या आणि नातेवाईक सोडले. पुढची बारा वर्षं नई जिंदगी वस्तीतल्या दोन खोल्यांतून त्या लोकांचे संसार देशभर पाठवत राहिल्या. स्वतः मात्र गुलबर्ग्याच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत.

माझी त्यांची गाठ पडली ती कंपनीच्या कृपेनं. चिंचोळी एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद करून सगळं काम उत्तराखंडात, रुद्रपूरला न्यायचं ठरलं. आम्हाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य होतं: रुद्रपूरला जा किंवा घरी बसा. सामान हलवायला एक ठरावीक रक्कमही मिळाली. ती ठरवणाऱ्या साहेबांनी संसार म्हणजे एक बॅग आणि एक छत्री असं धरलं असावं. पण मी इंजिनिअर, घाबरलो नाही. लॅपटॉपवर खर्चाचा तक्ता केला. भाडं, पॅकिंग, हमाली, रेल्वेची तिकिटं, इतर. प्रत्येक खान्याला वेगळा रंग. ‘इतर’ला गुलाबी.

भाभींनी तो तक्ता चष्मा लावून नीट बघितला.

“रंग लई झ्याक हायत,” त्या म्हणाल्या. “गाडीला तितं पोचायला सहा-सात दिवस लागतेत. तवर तुमी, ताई, पोरगी कुटं ऱ्हानार? या गुलाबी खान्यात?”

मग त्यांनी मला सुचलेही नव्हते असे खर्च बोटांवर मोजले. लॉज, बाहेरचं जेवण, नव्या घराची अनामत, पोरीची शाळाप्रवेशाची फी, वेगळ्या मापाच्या खिडक्यांचे पडदे, थंडीच्या रजया. माझा गुलाबी खाना बाकीच्या चारही खान्यांपेक्षा मोठा झाला. माझी बायको सुनीता हे सगळं ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते आमच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

त्यानंतर भाभी घरभर फिरल्या. लोखंडी कपाटावर टकटक करून म्हणाल्या, “हे तितं जाऊन नोकरी करनार हाय का? मग कशाला नेता?” व्यायामाच्या सायकलवर माझे शर्ट वाळत होते. “हिच्यावर बसून गेला असता तर भाडं वाचलं असतं की!” कूलर त्यांनी तिथल्या तिथे मोडीत काढायला लावला, थंड मुलखात तो काय करायचा म्हणून. (पुढं मे महिन्यात रुद्रपूरला घामानं निथळत मी त्यांना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, “माजं चुकलं. लिहून ठेवा, लई कमी वेळा घडतं ते.”) जाताना मात्र त्या सुनीताला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाल्या, “ताई, एक पोतं वेगळं बांधा. कुकर, शेगडी, अंथरून, औषधं आन सगळे कागद. ते गाडीत टाकायचं न्हाय. आपल्यासंगं रेल्वेत न्यायचं.”

भाभींनी सांगितलेलं भाडं मला जास्त वाटलं. इंटरनेटवर एका कंपनीनं बरंच कमी सांगितलं होतं. शिवाय त्यांच्या वेबसाइटवर टाय घातलेला माणूस हसत हसत खोकं उचलत होता. भाभींकडे असलं काही नव्हतं. मी त्यांना तसं कळवलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “जावा की. फकस्त बिल्टीवर पुरी रक्कम आन वजन लिहून घ्या,” एवढंच म्हणाल्या. बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती. मला मिळाली ती चकचकीत कागदाची होती आणि तिच्यावर ‘आमच्यावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार’ असं छापलेलं होतं. रक्कम आणि वजन यांसाठी जागा उरली नव्हती.

सकाळी सामान गेलं. दुपारी फोन आला. वजन ठरल्यापेक्षा दुप्पट भरलंय, दुप्पट पैसे भरा, नाहीतर माल गोदामातच राहील. आमची रेल्वे दोन दिवसांनी होती. तेवढ्यात सुनीतानं विचारलं, “कागदांचं पोतं कुठाय?” मी ते फार विचार करून, सुरक्षित राहावं म्हणून, लोखंडी कपाटात ठेवलं होतं. कपाट मी भाभींना न जुमानता गाडीत चढवलं होतं. माझी प्रमाणपत्रं, पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचे करार, सगळं त्यात. सुनीतानं भाभींचा नंबर लावला. मग फोन माझ्या हातात दिला.

भाभी अर्ध्या तासात रिक्षानं आल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुमी इंजिनिअर हाय न्हवं?” बस्स. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

गोदाम तुळजापूर रस्त्याला होतं. तिथल्या मॅनेजरचं माझ्यावर फोनवर आधीच ओरडून झालं होतं. भाभींचा आवाज मात्र चढला नाही. “भाऊ, वजन कुठल्या काट्यावर केलं? पावती दाखव.” तो म्हणाला, पावती ऑफिसात आहे. आमचं सामान आणणारा टेम्पो ड्रायव्हर कोपऱ्यात उभा होता, भाभींनी त्याला हाक मारली. “काय रे महादेव, तुजी आई बरी हाय का आता? गाडी काट्यावर नेलती का तू?” महादेवनं एकदा मॅनेजरकडं बघितलं, एकदा भाभींकडं. “न्हाय भाभी. थेट हितंच आनली.”

मॅनेजर आता दुसऱ्याच सुरात धमक्या देऊ लागला. भाभी आमच्या सामानात शिरल्या, सोफ्यावरचा पुठ्ठा काढला आणि ऐसपैस बसल्या. “मी हितंच बसते. माल ठेवायचा तर मलाबी ठेव. माजं वजनबी धर, पैसे साहेब देतील.” मग त्यांनी फोन काढून एकेका ट्रकवाल्याला त्या गोदामाचा पत्ता सांगायला सुरुवात केली. भांडायला या असं त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. “चा प्यायला या,” म्हणत होत्या. तासाभरात सतरा-अठरा जण चहाला आले. कुणी मॅनेजरला बोटही लावलं नाही. सगळे नुसते उभे राहून आमच्या सामानाची चौकशी करत होते. संध्याकाळच्या आत माझा माल भाभींच्या ट्रकमध्ये होता. त्या कंपनीला दिलेली आगाऊ रक्कम तेवढी बुडाली.

मी ओशाळून म्हणालो, “भाभी, तुमचे उपकार…”

“उपकार कशाचे? आदी सांगितलेलं भाडं द्या. दानधरम आमी शुक्रवारी करतो. आज मंगळवार हाय.”

त्यांनी भाडं एका रुपयानंही कमी केलं नाही. वाढवलंही नाही. ट्रक निघाला तेव्हा मी हात हलवत उभा होतो, त्या पाठ करून फोनवर दुसऱ्याच कुणाला तरी विचारत होत्या, “तीन-तीन गाद्या? घरात मानसं किती?” सहाव्या दिवशी रुद्रपूरला सामान उतरलं. एक कप फुटला होता, तोही मीच बांधलेला.

तीन वर्षांनी मला चिंचोळीतच दुसरी नोकरी मिळाली. परतीचा खर्च या वेळी सुनीतानं मांडला, एकाच रंगात. मी भाभींना फोन लावला. उचलला त्यांच्या मुलीनं, रुखसानानं. अम्मी चार महिन्यांपूर्वी गेल्या, म्हणाली. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. मी काहीतरी बोलायला लागलो. फार थोर होत्या वगैरे, जे अशा वेळी सगळेच बोलतात. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

“साहेब, ते हितं आल्यावर बोलू. आदी तारीख सांगा, गाडी बघते.”

मी तारीख सांगितली. तिनं ती लिहून घेतली; पेनाचा आवाज मला ऐकू आला.   काम झालं होतं, तरी फोन दोघांपैकी कुणीच ठेवत नव्हतं.