टेपबाईचे सोळा दिवस

माझ्या धाकट्या भावाची बायको शिवणकाम करते. गळ्यात टेप नाही अशी ती मला आठवतच नाही. स्वयंपाक करताना टेप, दार उघडायला आली तरी टेप. गल्लीत तिला टेपबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. माप ती डोळ्यांनीच घेते, टेप नुसता शोभेला, आणि गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, "मागच्या वेळेपेक्षा सुटलायत हं तुम्ही." अशा बाईचा हात थरथरायला लागला, टीप वाकडी यायला लागली, खाऊनपिऊन वजन उतरायला लागलं, तेव्हा मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. निघालं थायरॉइड. टेप जिथे लोंबतो बरोबर तिथली ती ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त राबत होती.

उपचार म्हणजे किरणोत्सारी आयोडिनची एक गोळी. थायरॉइडला आयोडिन लागतंच, आणि साधं कुठलं नि किरणोत्सारी कुठलं हे त्या ग्रंथीला कळत नाही. ती ते अधाशासारखं ओढून घेते आणि आतल्या आत भाजून निघते. उपाय नामी आहे. फक्त काही दिवस त्या माणसाच्या गळ्यातून थोडे किरण बाहेर पडत राहतात. मोठ्यांनी जरा लांब बसलं की झालं, तान्ह्या मुलांना मात्र जपायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "महिनाभर नातीला कडेवर घ्यायचं नाही, कुशीत घ्यायचं नाही. दर आठ दिवसांनी याची ताकद निम्मी होत जाते, म्हणून महिना."

नात तेव्हा सहा-सात महिन्यांची होती. टेपबाई तिला बटण म्हणते, आणि नाव शोभतंही. चेहरा तसाच गोल, डोळे टपोरे.

टेपबाईने आपलं बिऱ्हाड मागच्या खोलीत, मशीनशेजारी हलवलं. माझा भाऊ आणि त्यांचा मुलगा दोघेही कामानिमित्त परगावी, सून दिवसभर विम्याच्या कचेरीत. म्हणून बटणला सांभाळायला विहीणबाई येऊन राहिल्या. विहीणबाई चांगल्या आहेत, हे टेपबाईही मान्य करते. पण आवाज मोठा आणि गाणं बेसूर. भिंतीपलीकडून "कुठे गेली माझी सोनी? ही काय इथे!" हे ऐकत ही इकडे मशीन चालवायची. त्या दिवसांत शिवलेल्या माझ्या झग्याची टीप इतकी घट्ट आहे की उसवताना कापड फाटेल.

सोळाव्या दिवशी विहीणबाई भाजी आणायला गेल्या. "झोपलीय, मी ही आलेच." त्यांची पाठ वळली आणि बटण उठली. टेपबाई दारात उभी राहून तिच्याशी बोलली, टाळ्या वाजवल्या, चमचा वाजवला. रडणं वाढलं. मग ती आत गेली आणि तिने बटणला उचललं. बटणने तिच्या हनुवटीखाली डोकं खुपसलं, टेपचं टोक तोंडात घातलं आणि झोपून गेली. विहीणबाईंना वाटेत कोणीतरी ओळखीचं भेटलं होतं. त्यांच्या गप्पा किती लांबतात ते सगळ्यांना माहीत आहे. इकडे टेपबाई बटणला घेऊन दुपारभर खुर्चीत बसून राहिली. फाटक वाजलं तेव्हा बटणला पाळण्यात ठेवलं, आणि कोणाला अवाक्षर बोलली नाही. मलाही हे फार नंतर कळलं.

दोन-तीन दिवसांनी मी सहज डोकावले, तर मागच्या खोलीच्या दारातूनच तिने विचारलं, "वन्सं, आठ दिवसांत निम्मं जातं ना? म्हणजे सोळा दिवसांत सगळंच."

"कुठल्या शाळेत शिकलीस?" मी म्हटलं. "पहिल्या आठात निम्मं. पुढच्या आठात उरलेल्याचं निम्मं. त्याच्या पुढे त्याचं निम्मं. याला अर्धायुष्य म्हणतात."

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. असा प्रश्न म्हणजे मला मेजवानी. तिच्या टेबलावरचा कापडाचा तुकडा घेतला आणि घडी घालून दाखवली. घडीची घडी, तिची पुन्हा घडी.

"मग संपतं कधी?"

"कागदावर संपतच नाही. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, चालूच."

तिने कापड माझ्या हातातून काढून घेतलं आणि उलगडून बसली. चहाही विचारला नाही. माझ्या ते ध्यानात आलं नाही, कारण मी अजून बोलतच होते.

महिना सरला. विहीणबाई आपल्या घरी गेल्या. तरी टेपबाई बटणला घेईना. "हात दुखतात," म्हणायची, "काम फार आहे." सुनेने गुपचूप पाळणाघर शोधलं. तब्येत सुधारली, हात स्थिर झाला, टीप सरळ आली. असे आणखी दोन महिने गेले, आणि मी कोटाचं अस्तर बदलून घ्यायला गेले. सून गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बटण आता रांगत होती. ती फरशीवरून थाप थाप करत थेट आजीकडे आली, तर आजीने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. समोर उंदीर आल्यासारखे.

"हे काय गं?"

"मुंग्या आल्यात पायाला."

"दोन्ही पायांना?"

तिने बटणकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळं सांगून टाकलं. "संपतच नाही म्हणालात ना तुम्ही? म्हणजे अजून आहे माझ्या गळ्यात. त्या दुपारी तर केवढं असेल! तिचं डोकं इथे होतं, वन्सं. इथे." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? डॉक्टरीणबाई महिना म्हणाल्या होत्या. मला नीट ऐकू आलं होतं. पण विहीणबाईंचं ते गाणं ऐकवेना. मला तिला उचलायचं होतं, म्हणून मी सोळाचा हिशोब बसवला."

मी आपलं मला जे येतं ते केलं. बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत अशी बटणं निवडली, ओंजळीत खुळखुळवली आणि टाकली.

"एक बटण म्हणजे आयोडिनचा एक कण. चकचकीत बाजू वर आली ते फुटलं समज. काढ बाजूला. कुठलं बटण कधी फुटेल हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. पण ढीग मोठा असला की दर खेपेला साधारण निम्मी जाणारच. टाक आता."

ती टाकत गेली. ढीग झरझर उतरला. शेवटी एकच उरलं, आणि ते मेलं पाच-सहा खेपा खरखरीतच पडत राहिलं. मग पडलं चकचकीत. टेबलावर टाकायला काही राहिलं नाही.

"कापडाची घडी मनात कितीही घालता येते," मी म्हटलं. "कण मात्र कितीही कोटी असले तरी मोजकेच. एकेक फुटतो आणि संपतो. शिवाय बरंचसं शरीर पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे टाकून देतं. तुझ्याजवळ आता उरलंय ते नसल्यातच जमा."

तिचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी किरण मोजायचं यंत्र तिच्या गळ्याशी धरलं. तुरळक टकटक. तेच खिडकीच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ठेवलं, तर टकटक वाढली. मी हसले. टेपबाई हसली नाही.

"त्या दुपारचं सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आकडेमोड केली. "मातीतून, भिंतींतून आपल्याला सगळ्यांना मिळतच असतं. तसं काही महिन्यांचं त्या दुपारी मिळालं असेल. बाळाला काळजीचं कारण नाही. पण मी महिना म्हटलं होतं, आजी."

"हो. म्हटलं होतंत."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "चल, सुटलीस."

"सुनेला सांगायला हवं."

"आता कशाला? काही झालेलं नाही, ऐकलंस ना?"

"झालं नाही ते नशिबाने. उचललं ते मी."

संध्याकाळी तिने सांगितलं. मी तिथेच होते. मला कोणी जा म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी गेले नसते. सुनेने सगळं ऐकून घेतलं. बटणचं डोकं नकळत हाताने चाचपलं.

"आणि तेव्हापासून तुम्ही तिला हात लावत नाही, ते यामुळे?"

"हो गं."

"आई, ती तुमच्याकडे यायची आणि तुम्ही पाय वर घ्यायचात. मला वाटलं, मी नोकरी सोडली नाही म्हणून माझा राग तिच्यावर काढताय. माझ्या आईला फोनवर सांगून रडलेय मी." तिचा आवाज चढला. "त्या एका दुपारचं मी समजू शकते. पुढचे अडीच महिने कोणाला विचारून केलेत?"

हे मोजायला डॉक्टरीणबाईंकडे यंत्र नव्हतं.

सुनेने बटणला खोलीच्या दुसऱ्या टोकाला फरशीवर बसवलं. "बघा आता येते का," म्हणाली आणि दाराशी उभी राहिली.

बटण येईना. का यावं? टेपबाई गुडघे धरत धरत खाली बसली. गळ्यातला टेप काढला आणि एक टोक हातात ठेवून फरशीवर पसरला. बटणने त्याच्याकडे पाहिलं, आजीच्या पायांकडे पाहिलं. मग निघाली. निम्म्या वाटेवर थांबली, वळून आईकडे पाहिलं. पुन्हा निघाली, आणि उरलेल्याच्या निम्म्यावर थांबली. मग आणखी थोडी.

माझा धीर सुटला. "अगं, हातभर अंतर राहिलंय! उचल की तिला!"

"नको, वन्सं," टेपबाई मान न वळवता म्हणाली. "या वेळी तिला ठरवू दे."

टेपचं फरशीवरचं टोक आता बटणच्या तोंडात होतं, दुसरं आजीच्या हातात. आजीने ते ओढलं नाही.