वजीरचं इंजेक्शन

काकासाहेबांना शहरातली माणसं फारशी ओळखत नसत, पण कुत्री ओळखत. महापालिकेच्या कुत्री धरायच्या गाडीवर ते कामाला लागले त्याला बरीच वर्षं झाली होती. तक्रार आली की त्या गल्लीत जायचं, जाळी टाकून कुत्री धरायची आणि दवाखान्यात पोचवायची. तिथं डॉक्टर नसबंदी करत, रेबीजचं इंजेक्शन देत आणि ओळख राहावी म्हणून कानाचं टोक थोडं कापत. जखम भरली की जिथून आणलं तिथंच कुत्रं परत सोडायचं, असा नियम. नेताना गल्लीतली निम्मी माणसं शिव्या देत आणि सोडताना उरलेली निम्मी.

माणसं विसरून जात, कुत्री विसरत नसत. गाडी नसली, हातात जाळी नसली, तरी काकासाहेब एखाद्या कॉलनीत शिरले की कोपऱ्यावरचं कुत्रं बोंब ठोकायचं आणि गल्लीभर निरोप जायचा. त्यांनी साबण बदलून पाहिला, अत्तर लावून पाहिलं, शेवटी चालही बदलून पाहिली. तेव्हा कुत्री भुंकलीच, वर माणसंही बघायला लागली. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, "काका, तुमको तो पूरा शहर पहचानता." लग्नाला गेले की काकासाहेब वाजंत्री सुरू झाल्यावरच मांडवात शिरत.

गावाकडं, देवगाव रंगारीला, यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथं भावकी मोठी होती, थोडी जमीन होती आणि नावही बरं होतं. त्या घरातला माणूस शहरात कुत्र्यामागं पळतो, हे पारावर कसं सांगायचं? "महापालिकेत हाय," एवढंच ते सांगत. कुणी फारच खोदलं तर म्हणत, "आरोग्याला." यात खोटं काहीच नव्हतं.

लेक प्रेरणाचं स्थळ जमत आलं तेव्हाही बन्सीमामांनी समोरच्यांना "आरोग्याला" असंच सांगितलं. बन्सीमामा म्हणजे वच्छलाबाईंचे, काकासाहेबांच्या बायकोचे भाऊ. सोयरीक त्यांनीच आणली होती. मुलगा सत्यम वाळूजच्या कंपनीत होता. पोरापोरीची पसंती होऊन गेली होती, फोनवर तासन्‌तास बोलणं चालायचं. आता मोठ्यांनी मुलाचं घर बघून यायचं तेवढं राहिलं होतं.

"पप्पा, सांगून टाका की," प्रेरणा म्हणाली. "चोरी थोडीच करता?"

"लग्न होऊ दे, मग सांगतो."

"मग कशाला सांगता?"

काकासाहेबांनी चपला शोधायला सुरुवात केली.

सत्यमचं घर शहरातल्याच सातारा परिसरात होतं. काकासाहेबांचा बेत रिक्षा थेट दारात न्यायचा होता, पण गल्ली अरुंद म्हणून रिक्षावाल्यानं कोपऱ्यावरच उतरवलं. ते चार पावलं चालले असतील नसतील, तोच एक काळं कुत्रं उठलं. मग त्याच्या पलीकडचं. मग गच्चीवरची. बघता बघता पुढं काकासाहेब आणि मागं गल्ली, अशी मिरवणूक निघाली.

"हळू चला," वच्छलाबाई दातओठ खात म्हणाल्या. "नवरदेव आल्यावाणी वाटायलंय."

सत्यमचे वडील सांडूअण्णा फाटकात उभे होते. मूळचे सोयगावचे, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले आणि तोंडानं फटकळ. "गल्लीत चोर शिरला म्हणून बघाया आलो, तर तुम्ही!" असं म्हणून ते खदाखदा हसले. बन्सीमामा त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले. काकासाहेब गरजेपुरतं हसले.

आत सतरंजीवर एक तांबूस कुत्रं ऐसपैस पसरलं होतं. त्यानं मान वर केली, काकासाहेबांना पाहिलं, आणि एवढं दांडगं जनावर पोट जमिनीला घासत दिवाणाखाली गेलं.

"आमचा वजीर," अण्णा म्हणाले. "वाघाला भेत नाय. आज काय झालंय कुणास ठाऊक."

काय झालंय ते काकासाहेबांना ठाऊक होतं. डाव्या कानाचं कापलेलं टोक त्यांनी बघितलं होतं आणि पुढचा पांढरा पायही. गेल्या साली दिवाळीनंतर याच गल्लीत सापडलेलं हे कुत्रं. गळ्यात पट्टा नव्हता, बरोबर माणूस नव्हता. फार पळवलं होतं त्यानं.

पोहे आले. अण्णांचं वजीरपुराण सुरूच होतं. "आपुन त्याला बांधत नाय. सकाळी फाटक उघडायचं. फिरून येतो, गल्लीत दोघाचौघांला दम देतो, अन् जेवाया हजर. गेल्या साली एकदाच काही दिवस गायब झाला, अन् कुठं तरी भांडून कान तोडून आला."

"चावतो का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"वळखीच्याला नाय. वळख होईस्तोवर एकदोनदा धरतो."

वच्छलाबाईंनी पाय जवळ ओढून घेतले. एवढ्यात अण्णांच्या मंडळी, भागूबाई, पाहुण्यांना कुत्रं नीट दाखवावं म्हणून वाकल्या आणि त्यांनी त्याला पायाला धरून ओढलं. आतून गुरगुर झाली. भागूबाईंनी हात मागं घेतला तेव्हा बोटातून रक्त येत होतं. त्यांनी त्यावर चिमूटभर हळद दाबली आणि म्हणाल्या, "असंच करतंय मेलं. मायेनं धरतंय."

समोर पाण्याचा पेला होता, पण काकासाहेबांच्यानं तो उचलवेना. नोकरीच्या पहिल्या साली त्यांनी एक माणूस पाहिला होता, तरणाबांड. बोटभर जखमेवर त्यानंही हळदच लावली होती. पुढं तो पाण्याचा पेला पाहून भिंतीला पाठ लावून ओरडत होता. ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. आता भागूबाईंच्या हाताच्या जागी त्यांना हिरव्या चुड्याचा हात दिसायला लागला.

विचारलं तर सगळंच उघडं पडणार होतं. न विचारलं तर चहा पिऊन, तारीख काढून उठता येत होतं.

"इंजेक्शन झालंय का त्याचं?" त्यांनी विचारलं.

"त्याला कशाचं इंजेक्शन? घरचं कुत्रं हाय."

"गेल्या साली दिलंय. पण ते दरसाल द्यावं लागतं. आता साल उलटून गेलं."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "गेल्या साली दिलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बन्सीमामांनी काकासाहेबांचा पाय आपल्या पायानं दाबला. फार जोरात दाबला.

"मीच धरला होता त्याला," काकासाहेब म्हणाले. "मी त्या गाडीवर असतो."

बाहेर कुत्री अजून भुंकतच होती. अण्णांना ते आत्ता नीट ऐकू आल्यासारखं दिसलं.

"म्हंजी आमच्या वजीरचा वंश तुम्ही बुडवला?"

"डॉक्टरांनी. मी फकस्त धरला."

"अन् त्याच घरात पोरगी द्याया आलात?"

"नाय देत," काकासाहेब म्हणाले. हे आपण बोललो, यावर त्यांचाच विश्वास बसेना. मुलीचा बाप, मुलाच्या घरात बसून, हातात त्यांचेच पोहे. पण शब्द निघाले होते, म्हणून त्यांनी पुढचेही काढले. "इंजेक्शन होईस्तोवर नाय देत. अन् वहिनी, ती हळद धुवा. साबण लावून वाहत्या पाण्यात चांगला पाव तास धुवा, अन् आजच्या आज सरकारी दवाखान्यात, घाटीत जाऊन सुई घ्या."

चहा कुणी आणला नाही.

परतीच्या रिक्षात बन्सीमामा एकटेच बोलत होते. "दाजी, हुंड्यापायी मोडलेली लग्नं ऐकलीत, मानपानापायी मोडलेली ऐकलीत. इंजेक्शनापायी सोयरीक मोडणारा तुम्ही पहिलाच गडी."

घरी प्रेरणा दारातच उभी होती. तिनं बापाकडं बघितलं आणि म्हणाली, "सत्यमचा मेसेज आलाय. आईला घाटीत घेऊन चाललाय." रात्री ती थोडंच जेवली.

त्यानंतर तिकडून काहीच कळेना. सत्यमचे फोनही आखूड झाले. काकासाहेब कामावर जात, कुत्री धरत, परत नेऊन सोडत. मग एका सकाळी त्यांचा फोन वाजला. सांडूअण्णा होते. रामराम वगैरे काही नाही.

"तुमची जाळी घरी असती का हापिसात?"

वजीरला सुई द्यायला जनावरांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. पहिल्यांदा वजीर टाकीवर चढून बसला, दुसऱ्यांदा त्यानं कंपाउंडरची पँट फाडली.

सुट्टी होती, काकासाहेब जाळी घेऊन गेले. गल्लीनं ठरल्याप्रमाणं स्वागत केलं. वजीरला धरायला फार वेळ लागला नाही; त्यांना बघून त्याचे पायच गेले. काकासाहेबांनी त्याला जाळीत गुडघ्याखाली हलकेच दाबून धरलं आणि डॉक्टरांनी सुई भरली. अण्णांना हे बघवेना. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"साखरपुडा कधी धरायचा?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"पट्ट्याचं अन् महापालिकेच्या लायसनचं बी बोलायचं राहिलंय," काकासाहेब म्हणाले. "मोकळा सोडायचा नाय."

"लोक सोनं मागतेत, तुम्ही पट्टा मागताय."

"व्हय."

अण्णांनी भिंतीचा एक पोपडा नखानं काढला. मग म्हणाले, "पुढल्या रविवारी. पण तुमच्याकडं. इथं घेतला तर हा दोन दिवस जेवायचा नाय."

"बरं," काकासाहेब म्हणाले आणि डॉक्टरांनी सुई काढेपर्यंत त्यांनी हात ढिला केला नाही.