मागच्या कॅमेऱ्यातले काका

अमेरिकेत फ्रीमाँटमधले आमचे शेजारी काका व्हिडिओ गेम कायम मागच्या कॅमेऱ्यातूनच खेळतात, म्हणजे आपला गडी पाठमोरा दिसतो. तो जिंकला की काका "मी जिंकलो!" अशी गर्जना करतात आणि तिकडे फ्रीवेवरच्या गाड्या घाबरून लेन बदलतात. तो दरीत पडला की मात्र, "मेला गाढव!"

"काका, गड्याच्या डोळ्यांतून खेळा की," मी एकदा सुचवलं.

"मग 'मी मेलो' म्हणावं लागेल. भरल्या घरात असलं अभद्र?"

परवा त्यांची ड्रायव्हिंग टेस्ट होती. नापास झाले तर भाजी आणायलासुद्धा सुनेच्या मिनतवाऱ्या करायची पाळी. काका परतले ते पडलेल्या चेहऱ्याने.

"लाल सिग्नल तोडला गाढवाने!"

"कोणी?" काकू किंचाळल्या.

"परीक्षकाच्या शेजारी बसला होता ना, त्याने!"