शिक्का नसलेलं पाकीट

"ढिवर काय? तरीच म्हटलं, वास कुठून येऊन राह्यला."

चांदा शहरातल्या कॉलेजच्या खिडकीतून तो बाबू असं म्हणाला, आणि माझ्या मागे रांगेत उभी असलेली पोरं हसली. मी सतरा वर्षांचा होतो. सोबत माझा बाप होता. कॉलेजात जायचं म्हणून बापानं त्या पहाटे विहिरीवर तीनदा अंग घासलं होतं. धुतलेलं धोतर, लग्नातला सदरा. वास कसला येणार? पण बाबूनं कागदावर मासेमाराची जात वाचली होती. त्याच्या नाकाला तेवढं पुरलं.

फीमाफीच्या कागदावर पालकाची सही हवी होती. बाप म्हणाला, "मले सही नाई येत, साहेब." बाबूनं बापाचं मनगट धरून हात खिडकीतून आत ओढला. अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला आणि हात बाहेर ढकलून दिला. "टेबलाले पुसू नको," म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "हे पोट्टं बी.ए. होईन, तं तळ्यात जाळं कोण टाकीन बे?"

पुन्हा हसू. बापानं अंगठा डोक्याच्या केसांत पुसला. आमच्याकडे अंगठेवाले तसेच पुसत. मी बापाच्या बाजूला उभा होतो, तो दोन पावलं सरकलो. लांब. ती दोन पावलं मी आजवर कोणाला सांगितली नाहीत.

परतीच्या मोटारीत बाप एवढंच बोलला, "आपला कागद आपल्याच हातानं लिवत जाय, बापू."

कॉलेज मी एक वर्ष केलं. पुढं जमलं नाही. पण अक्षर कमावलं. मोत्यासारखं. त्या अक्षरावर आणि दहावीच्या मार्कांवर मला गावचं पोस्ट मिळालं. मूल या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या बांध्यांमधलं आमचं गाव. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची ओसरी. एक टेबल, एक तराजू, एक लोखंडी शिक्का. आलेली थैली सोडायची, पत्रं वाटायची, जाणाऱ्या पत्रांवर शिक्का मारायचा, थैली बांधायची. बत्तीस वर्षं केलं. एक पत्र हरवलं नाही. लोक तसं अजून सांगतात.

आणि अर्ज लिहायचो. अख्ख्या गावाचे. कॉलेजचा, वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा. माझ्या गावातल्या कोणाचा हात कोणी असा खिडकीतून आत ओढू नये, ही माझी जिद्द होती. लोक लेकरांना घेऊन ओसरीत यायचे. मी लेकराच्या बापाला विचारायचो, "काय कराचं याचं?" बाप म्हणायचा, "तुमीच सांगा भाऊ." मी सांगायचो, मीच लिहायचो. लेकरू बाजूला बसून पायाच्या अंगठ्यानं शेणाची जमीन उकरत असायचं. त्याला मी कधी विचारलं नाही. ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी उपकार करत होतो ना.

वंदना माझी एकुलती मुलगी. ती माझ्यापेक्षा माझ्या बापाची जास्त. बाप तळ्यावर निघाला की ती त्याच्या मागं. मरळ कोणती, मागूर कोणता, पाणी चढलं की कोणती मासोळी कुठून वर येते, सगळं तिला पाठ. वहीत लिहून ठेवायची. मला ते आवडत नसे. मी बाजारातून मासोळी आणणंसुद्धा बंद केलं होतं. हात दोनदा धुवायचो.

बारावीला तिला चांगले मार्क मिळाले. एक दिवस ओसरीत आली आणि म्हणाली, "बाबा, कोकणात मासोळीचं कॉलेज हाय. चार वर्षाचं. मी तिकडं शिकीन."

मी म्हणालो, "मासोळ्याच पकडाच्या होत्या, तं तुले बारावी काऊन शिकवली?"

"पकडाले नाई, बाबा. समजाले."

मला समोर ती दिसतच नव्हती. ती खिडकी दिसत होती. मी म्हणालो, बरं, बघू.

तिनं फॉर्म स्वतः मागवला. स्वतः भरला. मला एक अक्षर लिहू दिलं नाही. पाकीट बंद केलं, तिकिटं जिभेनं ओली करून चिकटवली आणि माझ्यापुढं धरलं. लहानपणापासून शिक्का मारायची तिला हौस. म्हणाली, "मी मारू?"

"ठेव. थैली बांधताना मीच मारतो," मी म्हणालो.

तिनं ठेवलं. पावती मागितली नाही. बाप पोस्टवाला असताना पावती कोण मागते?

ते पाकीट मी थैलीत टाकलं नाही. माझ्या लोखंडी पेटीत, कपड्यांच्या तळाशी टाकलं. त्याच आठवड्यात मी माझ्या अक्षरात डी.एड.चा फॉर्म भरला. तिच्यापुढं ठेवून बोट लावलं. "इथी सही कर. असू दे एक हाताशी." तिनं केली. तिला वाटत होतं, तिचा खरा अर्ज कोकणात पोचला आहे.

मग ती वाट बघू लागली. मूलची थैली यायची त्या वेळेला ओसरीत येऊन बसायची. मी गाठ सोडायचो, ती पत्रं वेगळी करायची. एकेक पाकीट उलटंपालटं करायची. शेवटचं बघून झालं की म्हणायची, "आज नाई आलं." मी म्हणायचो, "येईन." असं किती दिवस चाललं, मी सांगू शकत नाही. मोजायची माझी हिंमत नाही. मग एक दिवस थैली आली आणि ती आली नाही. आत चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "माहा नंबर नाई लागला, बाबा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला. हेही लिहिलं पाहिजे.

ती तळ्यावर जायची बंद झाली. बाप एकदा मला म्हणाला, "पोट्टी काऊन नाई येत?" मी म्हणालो, अभ्यास आहे. तो समजला असावा. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

डी.एड. झाली. कुरखेड्याकडं एका खासगी शाळेत दोन वर्षं शिकवलं. ती शाळा बंद पडली. सरकारी भरती निघायची थांबली. तिचं मूलला लग्न झालं. जावई चांगला आहे, राईस मिलवर जातो. वंदना घरी शिकवण्या घेते. कोणाशी भांडत नाही. कशाचा हट्ट करत नाही. लोक म्हणतात, भाऊ, तुमची मुलगी किती शांत. मी मान हलवतो.

हे सगळं मी पेटीतच ठेवून मेलो असतो. नातीमुळं बाहेर आलं.

तेजू, वंदनाची मुलगी, यंदा बारावी झाली. त्यांच्या घराच्या खिडकीत एक लाल दगड आहे. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवरून येणाऱ्या ट्रकमधून रस्त्यावर पडलेला. तेजूनं तो उचलून आणला तेव्हा ती आठवीत होती. तेव्हापासून तिला दगडांचं शिकायचं आहे. भूगर्भशास्त्र, नागपूरला. त्या दुपारी मी मूलला त्यांच्याकडं गेलो होतो. मोबाइलवर फॉर्म भरणं चाललं होतं. मोबाइल वंदनाच्या हातात. तेजू बाजूला.

"मम्मी, पहिले नागपूर टाक ना."

"गप. मी भरून राह्यली ना? गडचिरोलीत नर्सिंग. जवळ हाय, नोकरी लागते."

"पण फॉर्म माहा हाय."

"तुले काय समजते?" वंदनाचा आवाज चढला. मी तो आवाज कित्येक वर्षांनी ऐकला. "मी बी भरला होता तुह्या वयात. कोकणातला. तुह्याहून जास्त मार्क होते मले. लागला नंबर? आपल्यासारख्याले तिकडं घेत नाई, तेजू. एकदा तोंडावर दार आपटलं, का आयुष्यभर स्वतःवर भरोसा राहत नाई. मले ते तुह्या वाट्याले नाई येऊ द्याचं." मग माझ्याकडं वळली. "बाबा, तुमी सांगा हिले. अख्ख्या गावाचे फॉर्म भरले तुमी."

मी तेजूकडं बघितलं. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला तो अंगठा दिसला. ओसरीतली सगळी लेकरं एकदम दिसली. आणि हेही दिसलं, की चांद्याच्या त्या बाबूला मी उत्तर दिलं असं मी पन्नास वर्षं समजत होतो. उत्तर नव्हतं दिलं. त्याचं ऐकलं होतं. तो म्हणाला मासोळीची लाज धर, मी धरली. त्यानं माझ्या बापाचा हात धरून कागदावर दाबला. मी माझ्या मुलीचा हात धरून दाबला. फरक एवढाच, की माझं अक्षर चांगलं होतं. बापाचा अंगठा खरा होता. माझं मोत्यासारखं अक्षर खोटं निघालं.

"शेवटची तारीख कवा हाय?" मी विचारलं.

"उद्या संध्याकाळपर्यंत."

"उद्या दुपारपर्यंत थांब. कशाले हात लावू नको."

"काऊन?"

"थांब म्हटलं ना."

ती थांबली. माझं तिनं नेहमीच ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गावाहून पेटीतलं पाकीट आणून तिच्या हातात दिलं. पिवळं पडलेलं. तिनं आधी पत्ता बघितला. स्वतःचं अक्षर ओळखलं. मग तिची नजर कोपऱ्यातल्या तिकिटांवर गेली आणि तिथंच राहिली. पोस्टाच्या ओसरीत वाढलेली मुलगी ती.

"याच्यावर शिक्का नाई, बाबा."

"नाई."

"म्हणजे हा गेलाच नाई."

"मी नाई टाकला."

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मी रोज थैली पाहाले बसत होती."

"हो."

"तुमी मले शोधू देत होते."

"हो."

तेजूनं तिच्या हातातून पाकीट घेतलं आणि उघडलं. फॉर्मला एक वहीचं पान जोडलेलं होतं. ते मला माहीत नव्हतं. तेजू मोठ्यानं वाचू लागली.

"माझे आजोबा ढिवर आहेत. त्यांना वाचता येत नाही, पण पाण्याचा रंग बघून ते कोणती मासोळी कुठे आहे ते सांगतात. मरळ आपल्या पिल्लांना सोडून जात नाही. पिल्लं श्वास घ्यायला वर येतात तेव्हा ती खाली थांबते. त्यांच्या पुढे जात नाही. हे आजोबांना माहीत आहे, पण कोणी लिहून ठेवलेलं नाही. मला ते लिहायचं..."

"पुरे," वंदना म्हणाली.

पंखा फिरत होता. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "मी स्वतःले ढ समजून राह्यली होती, बाबा. इतके वर्षं."

मी हात जोडले. माफ कर म्हणायला तोंड उघडलं. तिनं मला थांबवलं.

"ते नका बोलू. तुमाले मोकळं व्हाचं हाय. मले नाई कराचं तुमाले मोकळं."

मग तिनं मोबाइल उचलला आणि तेजूच्या हातात दिला. "तू भर. मोबाइलवर ओटीपीचा नंबर येईन, तोही तूच टाक." स्वतः तेजूच्या मागं भिंतीला टेकून बसली. मोबाइलकडं बघितलं नाही. तेजूनं एकदा विचारलं, "मम्मी, होस्टेलवर टिक करू?" वंदना म्हणाली, "पाहिजे असन तं कर." तिचे हात मांडीखाली दाबलेले होते.

तेजूनं काय भरलं, मी विचारलं नाही. वंदना म्हणाली, "तुमची साडेपाचची गाडी हाय, बाबा." मी उठलो. दारापर्यंत कोणी आलं नाही.

त्याला आता महिना होत आला. वंदनाचा फोन नाही. तेजूची यादी लागायची आहे. तिचा नंबर लागेल की नाही, मला माहीत नाही. नाही लागला तर ते 'नाही' तरी खरं असेल.

लोक अजून जुन्या सवयीनं ओसरीत येतात. परवा एक जण मोबाइल घेऊन आला. "भाऊ, पोरीचा फॉर्म भरून द्या बरं."

"पोरगी कुठी हाय?"

"घरी. तिले काय समजते?"

"मंग तू काऊन आला? तिले आण. ती भरीन. अडलं तं विचारीन. तू अन् मी बाहेर बसू."

"म्हातारपणात डोकं फिरलं का भाऊ तुमचं?" म्हणून तो रागानं गेला. गेला तर गेला. यापुढं मी कोणाच्या लेकराच्या कागदाला हात लावणार नाही, आणि माझ्या ओसरीत कोणत्याही बापाला लावू देणार नाही.

हे सगळं मी ग्रामसभेत उभं राहून वाचणार आहे. ज्या गावानं बत्तीस वर्षं मला भाऊ म्हटलं, त्या गावापुढं. ढिवराचा मुलगा म्हणून वाचणार आहे आणि त्या वेळी बाजूला सरकणार नाही. त्याआधी याची एक प्रत वंदनाला पाठवणार आहे. ती वाचेल की फाडेल, तो तिचा हक्क. उद्या सकाळी मी पोस्टात जाईन. ते आता ग्रामपंचायतीच्या खोलीत आहे, तिथं एक तरुण मुलगी बसते. तिला म्हणणार आहे, बाई, थैलीत टाकण्याआधी माझ्यासमोर शिक्का मार. आणि तो तिकिटावर उमटलेला दिसेपर्यंत मी तिथून हलणार नाही.